मांजर आडवे गेले तर

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माणसांचे प्रश्न काय थोडे आहेत, म्हणून आज मांजराची चर्चा, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी घडलेली गोष्ट सांगतो.

मागे एका पावसाळ्यात आमच्या वस्तीत जिन्याखाली मांजरीने चार पिल्ले घातली. घाण होईल म्हणून कोणीतरी ती पोत्यात घालून शीळफाट्यावर सोडून आले. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलचे रस्ते जिथे मिळतात, रात्रंदिवस ट्रक धावतात, तिथे डोळेही न उघडलेली पिल्ले! मांजरी तीन रात्री जिन्याखाली ओरडत होती. आम्ही ते ऐकले आणि गप्प बसलो. हे कबूल करूनच पुढे बोलतो.

आपण नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले. तरी कामावर निघताना मांजर आडवे गेले की चार पावले मागे येणारे आपल्यातही आहेत. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ साली सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला. सोपारा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. आजारपणात, लग्नात, मूल जन्मताना, प्रवासाला निघताना लोक जे विधी करतात त्यांचे फळ थोडेच, असे तो लेख सांगतो. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे आणि प्राण्यांविषयी संयम बाळगणे, हेच खरे मंगल. मांजराला अपशकुनी ठरवणे आणि त्याला दगड मारणे, या दोन्ही गोष्टींना त्यात उत्तर आहे.

दक्षिण कोरियातही भटक्या मांजराला पूर्वी 'चोर मांजर' म्हणत. आता 'रस्त्यावरचे मांजर' हा शब्द तिथे रूढ झाला आहे. तिथल्या शहरांत अशी मांजरे पकडून त्यांची नसबंदी करतात आणि पुन्हा त्याच जागी सोडतात. नाव बदलले, तशी वागणूकही बदलू लागली.

आपणही एवढे करू शकतो. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले घालू शकते. म्हणून पिल्ले टाकून देण्यापेक्षा नसबंदी करणे हाच खरा उपाय. पिल्ले किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावीत. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ पाणी ठेवावे. मांजर चावले वा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरापासूनही होतो. दया करावी, पण डोळसपणे.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक लक्षात ठेवावे. सजीवांविषयी भूतदया बाळगणे हे संविधानाच्या ५१-क कलमात नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही १९६० पासून आहे. पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा दहा ते पन्नास रुपये! तेव्हा पोत्याचे तोंड बांधणारा हात कायद्याच्या आधी शेजाऱ्यानेच धरला पाहिजे. त्या दिवशी आम्ही तो धरला नाही.

उद्या सकाळी घरातून निघताना मांजर आडवे गेले, तर थांबू नका. तेही आपल्यासारखेच पोटासाठी बाहेर पडले आहे. त्याला वाट द्या आणि आपल्या वाटेने पुढे चला.

जय भीम!