शिट्टी वाजल्यानंतरचे शब्द

(शाळेच्या क्रीडा पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून शिकवतो. त्या निर्णयाचे कारण पंचांनी जमलेल्यांना सांगावे का, हा प्रश्न मात्र मैदानांवर फार उशिरा विचारला गेला.

नोव्हेंबर 1992 मध्ये दरबानच्या कसोटीत आपला सचिन धावचीत झाला. चित्रण पाहून तिसऱ्या पंचांनी बाद ठरवलेला तो कसोटी क्रिकेटमधील पहिला फलंदाज. प्रेक्षकांच्या वाट्याला आला तो केवळ एक दिवा. फुटबॉलच्या नियमावलीत चित्रण तपासण्याची सोय 2018 मध्ये आली. तीही गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा एवढ्यापुरतीच. भारतात ऑक्टोबर 2022 मध्ये, सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकातही ती वापरली गेली. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ते सामने झाले. पंच हवेत दोन्ही हातांनी चौकोन रेखाटीत आणि निर्णय खुणेने देत. खूण कळे, कारण कळत नसे. तिकीट काढून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला विचारावे, "काय झालं हो?" आणि शेजाऱ्यालाही ठाऊक नसावे, अशी ही गत.

पुढे अवघ्या चार महिन्यांत, फेब्रुवारी 2023 मध्ये, मोरोक्कोतील क्लब विश्वचषकात पंचांनी ध्वनिक्षेपकावरून बोलण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच वर्षी 20 जुलैला ऑकलंड येथे महिला विश्वचषकाचा पहिला सामना होता. यजमान न्यूझीलंड नॉर्वेविरुद्ध एका गोलने पुढे, सामना संपत आलेला. जपानच्या पंच योशिमी यामाशिता यांनी चित्रण पाहिले आणि बेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांना सांगितले की, नॉर्वेच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला आहे, म्हणून पेनल्टी. ती पेनल्टी आडव्या खांबावर आदळून वाया गेली, तो भाग निराळा!

मला मोल वाटते ते त्या बोलण्याच्या संक्षेपाचे. बाई जपानी, बोलल्या इंग्रजीत. घडले काय आणि त्यावर निर्णय कोणता, एवढेच. समर्थन नाही, वाद नाही. (आपल्या भिलाईत मैदानावरचा निर्णय हिंदीत ऐकायचा आणि त्याची तक्रार घरी मराठीत करायची, हे आपल्या मुलांना उत्तम साधते.) कारण सांगितल्याने पंचांचा अधिकार उणावतो, असे काही शिक्षक मला म्हणाले. मला ते पटत नाही. कारण उच्चारावे लागणार, हे ठाऊक असलेला माणूस निर्णयापूर्वी अधिक नीट पाहतो.

हे शाळेलाही लागू आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला. परंतु पत्रिका नुसती दाखवणे म्हणजे पुन्हा दिवाच लावणे. दोन गुण का गेले, हे समासात एका ओळीत लिहिलेले असावे.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षापासून आंतरकुल सामन्यांत वादग्रस्त निर्णयाचे कारण पंच शिक्षक ध्वनिक्षेपकावरून एका वाक्यात सांगतील, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांवर कापलेल्या गुणांचे कारण लिहिले जाईल. पालकांना एकच विनंती आहे : ती ओळ आधी मुलाला मोठ्याने वाचू द्यावी, मग माझ्याकडे यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी कार्यालयात असते.