स्वेटरवाले आणि आपण



आपल्या बॅचचे बरेच जण परदेशात आहेत. अमेरिकेत एच-वन-बीवर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस. ग्रीन कार्डात एका देशाचा वाटा वर्षाला ७ टक्के, मग तो माल्टा असो की भारत! कॅनडात मात्र १९६७पासून गुणपद्धत: वय, शिक्षण, भाषा बघतात आणि कायमचं राहू देतात. माणूस तोच, कोड तोच. एकाला कंपनीसाठी हात हवेत, दुसऱ्याला देशात वस्ती हवी.

आपण तरी कुठे वेगळे? फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना आपण घरचेच मानलं, राज्यघटनेच्या कलम ६ने नागरिकत्व दिलं. जरीपटका उभा राहिला. हिवाळ्यात ज्यांच्याकडून आपण स्वेटर घ्यायचो, ते तिबेटी मात्र पाहुणे. १९५१च्या निर्वासित करारावर सही न करताही भारताने त्यांना जमिनी दिल्या, आपल्याजवळ गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला वसवलं. मन मोठं होतं, हे मान्यच. पण निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही; त्यांचं राहणं सरकारी धोरणावर. नोंदणीपत्राची मुदत संपली की पुन्हा रांग.

व्हिसाचे शिक्के मोजणाऱ्या आपल्या मंडळींना ती रांग चांगली माहीत आहे. गोठणगाव नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे. पुढचं गेट-टुगेदर तिकडेच करू या का?