पाड्याची वाट आणि ग्रामसभेचा अधिकार



सातपुड्यातील रस्त्यांचा प्रश्न निघाला की सरकारी कागदावर लगेच मोटार धावू लागते. परंतु शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातला पावरा, भिल्ल, तडवी माणूस पाड्याबाहेर पडतो तो पायी. पाणी, रेशन, आठवडेबाजार, शाळा, साऱ्यांची वाट तीच. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीच्या डोंगरातही हीच कथा आहे. अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते, तेव्हा जीव टांगणीला लागतो तो पाडा आणि सडक यांमधल्या अंतरात.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा डोंगरी व आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची अट होती. चार-दोन घरे या टेकडीवर, पाच-दहा पलीकडे, असा विखुरलेला पाडा त्या हिशेबात बसणार कसा? मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, हे चांगलेच झाले. पण जिथे वाटच नाही तिथे सायकल मुलीला नेत नाही, मुलगीच सायकल ढकलत नेते.

‘वनखात्याची परवानगी नाही’ हे उत्तर आता पुरेसे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद केली आहे. प्रत्येक कामी जमीन एक हेक्टरहून कमी हवी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. साधा हिशेब करावा. दोन मीटर रुंदीची वाट या मर्यादेत जवळजवळ पाच किलोमीटर जाते! दगड रचून, मुरूम दाबून, ओढ्यावर साकव घालून ती बांधता येते. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे काम अवघड नाही. त्यातली मजुरीही पाड्यातच राहील.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. पायवाट दिली म्हणून सडकेचा हक्क संपत नाही. रुग्णवाहिकेला सडकच लागते. तिच्यापर्यंत माणूस जिवंत पोहोचावा यासाठी ही वाट. सातपुड्यात लाकूड बाहेर नेण्यासाठी रस्ते निघाले. माणसासाठी वाट कोठून जावी, हे आता ग्रामसभेने ठरवावे, आणि तो ठराव दप्तरात पडून राहू नये यासाठी संघटनेने जागे राहावे.