डोळे समोर, लक्ष दुसरीकडे



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी गाडी चालवत होतो. कानात इयरफोन, फोनवर धाकटा भाऊ आणि विषय गावाकडच्या घराच्या वाटणीचा. एकदम शेजारून सौ. ओरडली, "अहो, थांबा!" मी ब्रेक दाबला. पाठीला दप्तर लावलेला एक शाळकरी मुलगा गाडीपासून हातभर अंतरावर उभा होता. कानात भाऊ विचारत होता, "दादा, लक्ष आहे ना तुझं?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर होती. मग तो मुलगा मला दिसला कसा नाही?

उत्तर शोधायला म्हणून वाचू लागलो. डोळ्यांपुढचं सगळंच आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. चेंडू किती वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, एवढंच मोजायचं होतं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही!

आता हे लक्ष मोजायचं कसं? त्याला तराजू नाही. ते परिणामांवरूनच मोजावं लागतं. मायकेल पोस्नर यांची रीत सोपी आहे. पडद्यावर ठिपका उमटला की बटण दाबायचं. तो कुठे उमटणार याची आधी खरी खूण दिली, तर बोट लवकर चालतं. खूण फसवी निघाली, तर उशीर होतो. तो फरक सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा, पण नेमका मोजता येतो.

दुसरी रीत मेंदूच्या विद्युतलहरींची. लक्ष देऊन एखादी खूण टिपली की साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर एक लहर उठते. तिला 'पी-३००' म्हणतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर प्रयोग केले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांमध्येही ही लहर बरीच खुजी झालेली आढळली. म्हणजे अडचण हातांची नव्हती, मनाची होती.

सौ.ला तो मुलगा दिसला, कारण तिच्या मनात त्या वेळी रस्ता होता. माझ्या मनात वाटणी होती.

आता गाडीत बसलो की फोन बंद करतो. वाटणीचं बोलणं घरी बसून पुरं झालं. त्या मुलाचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं.