शिक्षण आणि बालकाचा आनंद
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणाचे उद्दिष्ट कोणते, असे विचारले असता कोणी चारित्र्य सांगतो, कोणी उपजीविका, कोणी नागरिकत्व. आनंदाचे नाव सहसा निघत नाही. निघालेच तर तो खेळाच्या तासापुरता आणि स्नेहसंमेलनापुरता मानला जातो. परंतु आनंद हा अभ्यास संपल्यावर वाटावयाचा खाऊ नव्हे. तो अभ्यासातच नसेल तर बाकीची उद्दिष्टेही हाती लागत नाहीत.

बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. पुढे शंभर वर्षांनंतर, २००९ च्या कायद्याने देशातील ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. ही दोन्ही पावले थोर होत. तथापि कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. आत त्याचे मन रमविणे कायद्याच्या आवाक्यातले नाही.

ते काम भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी हाती घेतले. वकिली सोडून ते शिक्षक झाले आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती, हे आपणांस चटकन पटेल. पण बक्षीसही नको, असा त्यांचा आग्रह होता. बक्षिसासाठी शिकणारे मूल बक्षीस बंद होताच शिकणे सोडते, हे आपणही पाहतोच.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले केंद्रात येईनात, तेव्हा या बायका स्वतः वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने यांवरच मोजणे आणि रंग ओळखणे चाले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, तिचे नाव कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

येथे आनंदाचा आरंभ अंघोळीपासून आहे, हे ध्यानी घ्यावे. आपल्याकडे मुलांची नखे तपासली जातात. शाळेच्या नळाला पाणी आहे काय, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

दिल्ली सरकारने २०१८ साली आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आनंदाचा स्वतंत्र तास सुरू केला. प्रयत्न स्तुत्य होता. परंतु एका तासाला आनंद आणि उरलेल्या तासांना धाक, असे कोठेही घडल्यास मूल त्यातून धाकच शिकेल. मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोहोंना २००९ च्या कायद्याने मनाई केली आहे. तरी छडी गेली आणि टोमणा राहिला, अशी स्थिती आहे. आपल्या या सीमाभागात तर मुलाची घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी. त्याच्या घरच्या शब्दाला वर्गात हसे झाले की ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. त्यास आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

काही पालक म्हणतील, आनंदाने मुले ऐदी होतील. अडलेले गणित तासभर झगडून सुटले म्हणजे मुलाचा चेहरा कसा होतो, तो या पालकांनी पाहावा. त्या झगड्याला ऐदीपणा कोण म्हणेल? मात्र सुटलेले गणित विसरून चावडीवर शेजारच्या मुलाचे गुण काढू नयेत.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. पटावरील संख्या सकाळी पाहिली जातेच. ती मधल्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा मोजावी, आणि जी मुले परतली नाहीत त्यांच्या घरी शिक्षकांसह त्याच दिवशी जाऊन यावे.