संवादाचे ओझे एकट्याच्याच माथी का?



बधिर माणसाला ऐकू येत नाही, ही त्याच्या अडचणीची अर्धीच बाजू होय. त्याच्याशी बोलण्याची तयारी समाजाने कधी केली नाही, ही दुसरी बाजू; आणि तिच्याविषयी समाज सोयीस्कर मौन पाळतो.

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून बसलेल्या बधिर बाईचे नाव पुकारले जाते. तिला ते कळत नाही आणि तिचा नंबर जातो. गाडी ऐन वेळी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याची घोषणा होते. बधिर कामगाराला लोकांच्या धावपळीवरूनच काय ते ताडावे लागते. पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायची तर भावाला दुभाषा म्हणून न्यावे लागते. पण फिर्याद त्या भावाविरुद्धच असेल, तर त्या बाईने कोणाकडे पाहावे?

‘ओठांकडे पाहून समजून घ्या’ असा सल्ला सहज दिला जातो. परंतु ‘बाप’, ‘माप’ आणि ‘पाप’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ यांचा तर तेथे मागमूसही नसतो. उरलेले सारे तर्काने जुळवावे लागते. ‘लिहून दाखवा’ हा दुसरा सल्ला. पण ज्याला त्याच्या डोळ्यांना कळेल अशा भाषेत शाळेने शिकविलेच नाही, त्याच्या हाती नुसता कागद देऊन काय साधणार?

या अन्यायाला इतिहास आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेने बधिरांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सारेच ऐकू येणारे होते. ज्यांचे भवितव्य ठरवायचे त्यांनाच बैठकीबाहेर ठेवण्याची ही रीत या देशातील दलितांना आणि स्त्रियांना अपरिचित नाही. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो. २०१५ साली दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला संवादाचे साधन म्हणून मान्यता दिली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. कायदा त्यांच्यापर्यंत पोचायचा तर तो खिडकीमागच्या कारकुनापर्यंत आधी पोचला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. रुग्णालय, पोलीस ठाणे आणि न्यायालय येथे सरकारी खर्चाने दुभाषा मिळावा. जे पुकारले जाते ते फलकावरही दिसावे. बधिर मुलांच्या शाळांत सांकेतिक भाषा जाणणारे, आणि स्वतः बधिर असलेलेही, शिक्षक नेमावेत. अशा प्रत्येक निर्णयात बधिरांचे प्रतिनिधी असावेत.

ही दयेची याचना नव्हे. संवाद दोघांचा असतो. त्याचे अर्धे ओझे उचलणे हे ऐकू येणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.