मॅमोग्राफीतले पांढरे ठिपके
(तळेघर येथे गटांच्या मासिक मेळाव्यात आरोग्य सखीने केलेले भाषण)

बायांनो, मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक ताई मागं थांबली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मॅमोग्राफीचा, म्हणजे छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट होता. त्यात 'कॅल्सिफिकेशन' असा शब्द होता आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की हा कॅन्सरच. आठ दिवस तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिला विचारूनच आज बोलते आहे. नाव घेणार नाही, तुम्हीही विचारू नका.

कॅल्सिफिकेशन म्हणजे छातीत साठलेले चुन्यासारखे बारीक कण. फोटोत ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. मिश्री-तंबाखूतल्या चुन्यानं होतं का, असं ताईनं विचारलं. नाही. सरकारी कॅल्शियमच्या गोळ्यांनीही होत नाही, म्हणून गरोदर सुनेच्या गोळ्या बंद करू नका. (तंबाखू मात्र सोडाच, ती भानगड वेगळी.) वय वाढलं, कधी मार लागला, गाठीत पाणी झालं, अशा कारणांनी हे कण साठतात. मोठे, ठसठशीत ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. बारीकही बहुतेक साधेच असतात. पण ते एका जागी गोळा झालेले, वेडेवाकडे किंवा रेषेत असले तर डॉक्टर नीट बघतात. कारण काही वेळा कॅन्सर दुधाच्या नळीच्या आत असतानाच अशा ठिपक्यांतून दिसतो. तेव्हा हाताला काहीच लागत नाही, आणि तेव्हाच उपचार सर्वांत सोपे असतात.

म्हणून रिपोर्टाच्या शेवटी 'बायरॅड्स' या शब्दापुढचा आकडा शोधा. १ किंवा २ असेल तर काळजी नाही. ० म्हणजे कॅन्सर नव्हे. फोटो अपुरा आहे, मोठा करून पुन्हा काढायचा. ३ असेल तर शंभरातल्या दोघींपेक्षाही कमी जणींत कॅन्सर निघतो, पण सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचाच. ४ किंवा ५ असेल तर सुईनं तुकडा काढून तपासायचा. जागा बधिर करून करतात, बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. ४ आकडा असलेल्या कित्येक जणींचा तुकडा साधाच निघतो. फक्त हे ठिपके हाताला लागत नाहीत, सोनोग्राफीतही बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून फोटोत बघून सुई लावायचं मशीन तिथं आहे का, हे जाण्याआधीच विचारा.

आपल्या ताईचा आकडा ३ आहे. खरी अडचण इथंच आहे. पौषात सांगितलेले सहा महिने आषाढात भरतात, ऐन भाताच्या लावणीत! तेव्हा पुण्याला कोण जाणार? आणि दुखत तर काहीच नाही. "पुढच्या खेपेला बघू" म्हणत वर्ष निघून जातं. तिचे ठिपके बदलले की नाही, हे जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवूनच कळतं. म्हणून जुनी फिल्म आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाजवळ ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. आणि फोटोच्या दिवशी छातीला किंवा काखेत पावडर लावून जाऊ नका. तिचे कणही ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

मॅमोग्राफी झाली नाही म्हणून बाकीच्यांनी घाबरू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं १९९८ पासून झोपडवस्तीतल्या सुमारे दीड लाख बायांवर अभ्यास केला. निम्म्या जणींची छाती शिकवलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासली. पन्नाशी ओलांडलेल्यांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. तिशीनंतरची ही हातानं करायची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आपल्या आरोग्य केंद्रात सिस्टरकडे मागा. गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडी आत ओढली गेली, तर आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी लगेच दाखवा.

आता ताईचं. भाड्याचे पैसे हिरड्याचे आले की बाजूला ठेवीन, असं ती म्हणते. कमी पडले तर गटातून उचल घेईल. राहिला लावणीचा दिवस. पडकईला आपण एकमेकींच्या बांधावर जातोच की. तिच्या खाचरात त्या दिवशी कोण उतरणार, तेवढी चार नावं आज वहीत लिहून घेऊ.